सासऱ्यांचा पहिला वाढदिवस

सासऱ्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनला आपण चुटकीसरशी तयार करू, अशी सुनेने नवऱ्याशी पैजच लावली होती. ती तारांगणात लोकांना ग्रह दाखवते. एका म्हाताऱ्याला पटवणं म्हणजे काय मोठं! पण सासऱ्यांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तरी त्यांचं एकच पालुपद, "आज चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. आता काय बघायचं राहिलंय?"

सून सरसावली आणि पहिल्याच घासाला खडा लागला. वय म्हणजे सूर्याभोवतीच्या फेऱ्या, असं सांगून तिने उदाहरण घेतलं ते नेमकं बुधाचं. तो इतका घाईत फिरतो, की तिथल्या हिशेबाने सासरे साडेतीनशेच्या घरात गेले! त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढलं.

तिने पटकन युरेनस पुढे केला. "बाबा, त्याला एका फेरीला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. तुम्ही जन्मलात तेव्हा तो जिथे होता, तिथे आत्ता परत येतोय. तिथे तुम्ही आज एक वर्षाचे झालात."

पांघरूण हळूच खाली आलं. शाळा, दुकान, लग्न, मुलं, नातवंडं, आणि एवढ्यात त्याची एकच फेरी! सासरे थक्क झाले. असलं संथ घड्याळ त्यांनी उभ्या जन्मात उघडलं नव्हतं. तो दिसतो का, असं त्यांनी विचारलं. दुर्बिणीतून दिसतो, सून म्हणाली, पण डोळे धड हवेत.

मग काय! सासऱ्यांनी स्वतःच हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून पेशंटचं वय विचारलं. त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "आजच एक वर्ष पूर्ण झालं."

ठरल्या दिवशी सगळे पोचले, तर लहान मुलांच्या वॉर्डात कठड्याची इवलीशी खाट तयार! नर्स खुळखुळा वाजवत आली आणि बाळ कुठाय म्हणून विचारू लागली.

"मीच," सासरे म्हणाले.

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तिथेच उभं राहून सगळी ग्रहमाला समजावली, डॉक्टर पोट धरून हसले आणि सासऱ्यांना एकदाची मोठ्यांची खाट मिळाली.

डोळे बरे झाल्यावर एका संध्याकाळी, अंधार पडताच, सासऱ्यांनी तारांगणाच्या गच्चीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. काळ्याभोर आभाळात निळसर-हिरवा ठिपका, मोहरीएवढा. नव्या नजरेला पाण्याची धार लागली होती.

"माझ्याबरोबर निघाला होता," ते म्हणाले, "आणि अगदी वेळेवर पोचला."

एवढ्यात मागून सासूबाईंनी त्यांची बाही ओढली. त्या ऐंशीच्या.

"सरका आता. माझं अजून वर्षही भरलेलं नाही. लहानांना आधी बघू द्यायचं असतं."