म्हातारा आता सुटत नाही!

सासऱ्यांना बुद्धिबळात हरवायचंच, असा मी विडाच उचलला होता! लग्न झाल्यापासून एक डाव जिंकलो असेन तर शपथ. सोमवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. "रविवारी दुपारी पट घेऊन या जावईबापू," त्यांनीच दवाखान्यातून फर्मावलं.

मी मागचा हरलेला डाव पुन्हा मांडला. एकेक चाल उलटसुलट करून पाहिली. सासरे दरवेळी राजापुढचं प्यादं सरकवून सुरुवात करतात आणि मी दरवेळी मांजरासमोरच्या उंदरासारखा गारठतो. पण या वेळी फट सापडली! शनिवारी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी आमच्या ऑफिसातल्या कॅशियरला, म्हणजे माझ्या बुद्धिबळातल्या गुरूला, फोन लावला.

"म्हातारा आता सुटत नाही! फार तर उद्या दुपारपर्यंत. मग खेळ खलास!"

मागे धाडकन डबा पडला. आत्येसासूबाई!

"अगं बाई! माझा भाऊ!"

"अहो आत्या, बुद्धिबळाचं चाललंय!"

"मला नका फसवू. डॉक्टरांनी तुम्हाला एकट्यालाच सांगितलंय ना?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गोतावळ्यात फोन फिरले. रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो डोळे पुसतोय! बायको फुरंगटून म्हणाली, "मला तरी आधी सांगायचं होतंत!"

सासऱ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही हो! आईशप्पथ!"

"बरं. पट मांडा."

त्यांनी वजिरापुढचं प्यादं सरकवलं. माझा सगळा अभ्यास पाण्यात!

"अहो, तुम्ही तर नेहमी राजापुढचं..."

"आता नेहमीचं कशाला?"

माझा घोडा गेला, वजीर गेला. मात देऊन ते लहान मुलासारखे हसले आणि खोलीत एकच हुंदका फुटला.

सोमवारी ते ऑपरेशनमधून परत आले नाहीत.

मी ढसाढसा रडलो. लोक पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "बिचाऱ्याला आधीच ठाऊक होतं. किती सोसलं एकट्यानं!" तो डाव मी अजून मांडून बघतो. कुठे चुकलो, कळतच नाही.

परवा आत्येसासूबाईंनी मला कोपऱ्यात ओढलं. "खरं सांगा हं, माझं किती राहिलंय?"

"भरपूर!" मी घाबरून म्हटलं.

त्या खुशीत बाहेर गेल्या आणि चुलतसासऱ्यांना आत पाठवलं!