हॉलचं दुसरं दार

"माझ्या नकाशात सुताभराची चूक सापडली, तर मिशी उतरवीन!" फूटपट्टीकाकांनी सकाळीच जाहीर केलं. तीस वर्षं कचेरीत नकाशे काढलेला माणूस. काका निवृत्त झाले, पण खिशातली फूटपट्टी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती.

वडिलोपार्जित घराचं कलाकेंद्र करायचं, असं काकांनी आणि त्यांच्या ताईने ठरवलं होतं. ताई त्या घराच्या हॉलमध्ये गल्लीतल्या पोरांना नाच शिकवायची. थोरल्या दादांनी मात्र बजावलं होतं, "आज अग्निशमनवाल्यांची परवानगी मिळाली तर घर तुमचं. नाहीतर उद्या बिल्डरला होकार कळवतो." बिल्डर म्हणजे बुलडोझर!

अग्निशमनचे साहेब आले, तेही चेहऱ्यावरची घडी न मोडता.

"हॉलला दोन दारं हवीत. एका दारात आग लागली तर दुसऱ्यातून माणसं बाहेर."

"आहेत की!" काकांनी ऐटीत नकाशा उलगडला. "हे पुढचं, हे मागच्या अंगणातलं. रुंदी तीन फूट दोन इंच!"

साहेब थेट मागच्या दाराशी गेले, कडीला हात घातला आणि बोटं आपटून कळवळले. कडी नुसती चित्रातली होती! दारही चित्रातलंच होतं!

काकांना दरदरून घाम फुटला. वडील, म्हणजे अण्णा, नाटकांचे पडदे रंगवायचे. थोरले दादा रांगत होते तेव्हाच अण्णांनी हे दार रंगवलं होतं, आणि इतकं हुबेहूब, की घरात सगळे त्याला दारच म्हणायचे. त्याच्यापुढे कोणी खुर्चीसुद्धा ठेवायचं नाही, वाट अडते म्हणून! सवयीने काकांनी त्याचंही माप घेतलं होतं.

"चित्रातून माणसं बाहेर काढणार?" साहेब बोटांवर फुंकर घालत म्हणाले.

"भिंत फोडून खरं दार काढू की!" काका म्हणाले.

"खबरदार!" ताई चित्राला पाठ टेकवून उभी राहिली. "अण्णांच्या चित्राला कोणी हात लावायचा नाही!"

अण्णांचीही तीच सक्त ताकीद होती, आणि ती आजवर सगळ्यांनी पाळली होती. पण पाठीबद्दल अण्णा काही बोलले नव्हते. ताईने जोर दिला आणि कर्रर्र! चित्राची एक बाजू सुटली. चित्र भिंतीवर नव्हतंच, फळीवर होतं. साठ वर्षांच्या चुन्याने कडा बुजून गेल्या होत्या. फळीमागे दार होतं. खरं! खऱ्या कडीचं!

साहेबांनी फळी बाजूला केली, कडी काढली, बाहेर माजलेला वेल ओढला, आणि हॉलभर ऊन पसरलं. काकांनी फूटपट्टी लावली. तीन फूट दोन इंच!

"मिशी वाचली!" काका ओरडले.

"मेल्या, घर वाचलं!" ताई हसता हसता रडायला लागली. "आणि मी जन्मभर कपडे वाळत घालायला सगळ्या घराला वळसा घातला!"

साहेबांनी सही केली. तेवढ्यात अंगणापलीकडून शेजारचे ऐंशी वर्षांचे तबलजी काठी टेकत आले.

"उघडलं का एकदाचं? तुमचे अण्णा रंगवायला बसले, की मी रोज याच दाराने गप्पा मारायला यायचो. एके दिवशी दार लागलं ते लागलंच. म्हटलं, उघडतील कधीतरी!"

दुसऱ्या दिवसापासून तबलजी सकाळी नऊला त्याच दाराने येऊन गप्पा मारत बसू लागले, ते दिवेलागणीपर्यंत. चौथ्या दिवशी काकांनी हळूच साहेबांना फोन लावला.

"साहेब, ते चित्र पुन्हा होतं तिथेच लावलं तर?"

"जमणार नाही. संकटकाळची वाट मोकळीच हवी."

"अहो, पण संकट त्याच वाटेने येतंय!"