हकिकत गुलबदन अस्वलिणीच्या स्वारीची

पृथ्वीवर मोहिमा बहुत जाल्या. कोणी किल्ला घेतला, कोणी तख्त घेतले, कोणी दुसऱ्याने घेतलेले परत घेतले. त्यांच्या हकिकती लिहिणारे लिहून गेले. परंतु निजामाच्या अमलात, सन तेराशे सत्तेचाळीस फसली, माहे मेहर, श्रावण अमावास्येच्या दिवशी, परभणी शहरातून एक म्हातारी अस्वलीण तीन कोसांवर नेण्यास जी शर्थ जाली आणि ज्या वेशीत दोन फौजा समोरासमोर ठाकल्या, ते कोणी लिहिले नाही. सबब येथे लिहिले आहे. ऐकीव ते सोडिले. चौघांच्या तोंडी एकच आले तेवढे घेतले.

परभणी शहरी सरकारी बाग होता आणि बागेत जनावरांचा पिंजरेखाना होता. काही हरणे, वानरांचे एक कुटुंब, एक मोर, एक साळिंदर आणि सर्वांत वडील गुलबदन अस्वलीण, इतकी त्याची दौलत. गुलबदन पूर्वी एका दरवेशाची. तो वारला आणि ती बेवारस म्हणून सरकारजमा जाली. एक डोळा गेलेला, दात झिजलेले, परंतु बसण्याची अदब ऐसी की पाहणारास वाटावे, आपणच मुजऱ्यास आलो.

मग जिल्ह्याचे हाकीम अव्वल तालुकदार साहेब यांच्या मनी आले की बागेची भिंत पाडून तेथे नवी कचेरी बांधावी आणि जनावरांस शहराबाहेर ओढ्याकाठच्या माळास कुंपण घालून रमणा करावा, तेथे न्यावे. या मुहिमेची सरदारी कचेरीचे पेशकार दिनकरराव यांस मिळाली. हे गृहस्थ शेरवानी आणि रुमी टोपी घालून कलमाचे शूर. तलवार त्यांनी मोहरमच्या मिरवणुकीत लांबून पाहिली होती. साहेबांनी विचारिले की काम कोणत्या दिवशी तमाम होईल. दिनकररावांनी दफ्तरातले माहे मेहरचे पान उलटिले आणि गुरुवार नेमिला. गुरुवार दत्ताचाही आणि पिराचाही. कोणाचीच नाराजी नको, ऐसा त्यात मुत्सद्दीपणा होता.

त्यावर साहेबांनी हुकूम फर्माविला की गुरुवारी सूर्यास्तास जे जनावर रमण्याच्या फाटकाबाहेर आढळेल त्यास बंदुकीने कायमची रजा द्यावी. शहरात मोकाट जनावर नको. या सेवेस साहेबांचे एक मेहमान तयारच होते. ते हैदराबादेहून शिकारीस आले होते आणि जिंतुराकडील डोंगर पालथे घालून त्यांच्या हाती एक ससा लागला होता, तोही आधीच लंगडा, ऐसे बोलिले जाते. रमण्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बंदुकीस तेल देत बसण्याचे त्यांनी आनंदाने कबूल केले.

हुकूम ऐकून दिनकररावांचा जीव थोडा जाला. कारण एक बाब दफ्तरात नव्हती. ते रोज कचेरीस जाताना बागेतून जात आणि इकडे तिकडे पाहून गुलबदनेस गुळाचा खडा देत. ती जिभेने खडा उचले आणि एका डोळ्याने त्यांजकडे पाहत राही. कचेरीत दिवसभरात त्यांजकडे ऐसे आदराने पाहणारे दुसरे कोणी नव्हते. हा व्यवहार उभयपक्षी गुप्त होता.

मग मोहीम सुरू जाली. हरणे गेली. वानरे गेली, जाताना एका चपराशाचे पागोटे घेऊन गेली. मोर टोपलीखाली गेला, साळिंदर पोत्यात गेले आणि पोते नेणारा दुसरे दिवशी कचेरीत उभ्यानेच काम करीत होता. बुधवारी संध्याकाळी एकटी गुलबदन राहिली. तिचा पिंजरा लोखंडी. त्यास बैलगाडीच पाहिजे. गाडी उद्या सकाळी, असे म्हणत दिनकरराव विजयी मुद्रेने घरी आले, तो त्यांचे कुटुंब कस्तुराबाई पाटावर मातीच्या दोन बैलांस रंग देत बसल्या होत्या.

दिनकररावांनी विचारिले, हे काय.

"अहो, उद्या पोळा ना," बाई म्हणाल्या. "आपल्या दारी बैल नाही, म्हणून मातीचे पूजायचे. तुमच्या लक्षात नाही?"

दिनकरराव खाली बसले. दफ्तराच्या पानावर माहे मेहर होता, श्रावण नव्हता. आणि ज्याच्या दारी दावण नाही त्यास पोळा कोणी सांगावा? उद्या साऱ्या मुलुखात एकाही बैलाच्या मानेवर जू चढणार नव्हते. दिवस त्यांनीच नेमिला होता. गोळी पाहुण्यांची, परंतु मरण दिनकररावांच्या हातचे.

तेसमयी साहेबांच्या बंगल्यावर माणूस धाडून एक दिवसाची मुदत मागितली. उत्तर आले की दिवस आपणच नेमिला, आपणच पाळावा. मग दिनकरराव तसेच उठून शहराच्या कडेस मुंजाजी गाडीवानाच्या दारी गेले. मुंजाजी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळीत होता आणि त्यांच्या कानाशी सांगत होता, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पेशकारांनी गाडी-बैल मागितले.

"सायेब," मुंजाजी म्हणाला, "आत्ताच यांना जेवायला बोलावलंय. आता उद्या कामाला जुंपू? तुमच्या घरी पावण्याला असंच करत्यात का?"

दिनकररावांनी सरकारी कामाची जरब दाखविली. मुंजाजीने हळदीचे हात पुसले.

"गाडी घ्या. गाडीला पोळा न्हाई. बैल तेवढे मागू नका."

"आणि ओढील कोण?"

"त्ये मी कसं सांगू? मी शिकलेला न्हाई."

दिनकररावांनी गाडीचे जू उचलून पाहिले. मग म्हणाले की आपण स्वतः ओढू. मुंजाजी प्रथम हसला. मग पेशकार हसत नाहीत हे पाहून जवळ आला. "अस्वलापायी?" त्याने विचारिले. दिनकररावांनी मान हलविली. "मग एका बाजूला मला धरा," मुंजाजी म्हणाला. "तुमी एकट्यानं जू धरलं तर गाडी गोल फिरंल. बैल माझा भाऊ मिरवंल."

गुरुवारी सकाळी स्वारी निघाली. पिंजरेखान्याचा राखणदार लिंबाजी याने गूळ दाखविला, आणि गुलबदनबाई गाडीवरील पिंजऱ्यात चढून बसल्या आणि निजल्या. बाईसाहेबांच्या बाजूने मोहिमेस कधीही हरकत आली नाही, हे नमूद करणे न्यायाचे. जुवास उजवीकडे मुंजाजी, डावीकडे दिनकरराव, मागून लिंबाजी आणि दोन चपराशी, ऐसी फौज. शेरवानी काढून गाडीत ठेविली. टोपी हुद्द्याची म्हणून डोक्यावर राहिली. शहराबाहेर आडावर बायका पाणी भरीत होत्या, त्यांनी घागरी खाली ठेविल्या.

"अगं बया, डावा बैल नवा दिसायलाय."

"नवा कशाचा, कचेरीतला हाय. काल पेशकारीणबाईनं खांदं मळलं का न्हाई, इचार की."

दिनकररावांनी हा मारा मान खाली घालून सोसला. पुढे काळी जमीन लागली. परभणीची काळी माती कपाशीची माय आणि चाकाची वैरीण. पाऊस पिऊन बसलेली. चाक एक हात पुढे जाई आणि वीतभर खाली. दिनकररावांचा जोडा प्रथम एका पायाचा गेला, मग दुसऱ्याचा. फौज थांबे, शिव्या देई, पुन्हा जोर करी. दुपारी लिंबाखाली मुक्काम जाला आणि कस्तुराबाईंनी दिलेल्या पुरणपोळ्या सुटल्या. गुलबदनबाई जाग्या जाल्या, तेव्हां मुंजाजीने आपल्या वाट्याची एक तिला दिली आणि म्हणाला, "खा माय. पोळा तुझाबी."

दिवस कलता वडटाकळीची वेस दिसली. वेशीपलीकडे गाव, गावापलीकडे अर्ध्या कोसावर रमणा. दिनकररावांनी सूर्याकडे पाहिले आणि हिसाब बसला. परंतु वेशीबाहेर सारा गाव उभा, शिंगे रंगविलेले, झुली घातलेले बैल उभे, हलगी मुकी, आणि वेशीस आंब्याच्या पानांचे तोरण तसेच बांधलेले. त्याखालून कोणीच जात नव्हते.

कारण ऐसे की वडटाकळीच्या पाटिलकीच्या दोन पाती. थोरलीचे आबासाहेब, धाकटीचे रायभान, चुलतभाऊ. तोरणाखालून पहिला मानाचा बैल एका साली थोरलीचा, दुसऱ्या साली धाकटीचा. गतसाली थोरलीची पाळी होती आणि ऐन वेळी आबासाहेबांचा बैल लंगडला. आबासाहेब म्हणत, पाळी शिल्लक राहिली. रायभान म्हणत, पाळी गेली, जशी शिळी भाकर जाते. दुपारपासून हे चालले होते आणि दोन्हीकडच्या पोरांच्या हातातल्या काठ्या आता टेकण्यास नव्हत्या. गावास वळसा घालावा तर एका अंगास ओढा भरलेला, दुसऱ्या अंगास काळी.

दिनकररावांनी गाडीपुरती वाट मागितली.

"पेशकार सायेब," आबासाहेब म्हणाले, "मानाच्या बैलाआधी ह्या तोरणाखालून कावळाबी जात न्हाई."

रायभान म्हणाले, "ह्ये मातर दादा खरं बोलायलाय." दिवसभरात दोन्ही पातींचे एवढ्याच बाबीवर एकमत जाले.

सूर्य बाभळींच्या शेंड्यास आला. दिनकररावांनी मागे वळून पाहिले. गुलबदन गजांशी तोंड आणून एका डोळ्याने त्यांजकडेच पाहत होती, गुळाच्या वेळेस पाही तशी. तेव्हां, ज्यांनी उभ्या हयातीत वरिष्ठाचा शब्द खाली पडू दिला नाही आणि कनिष्ठावर आवाज चढविला नाही, ते दिनकरराव अनवाणी, चिखलाने माखलेले, गाडीच्या धुऱ्यावर चढून उभे राहिले आणि त्यांनी फर्माविले की: हे जनावर सरकारी. सरकारी जनावर ना थोरल्या पातीचे ना धाकट्या पातीचे; त्यास गावचा मानपान लागू नाही. सबब ते आधी जाईल. ज्यास हरकत असेल त्याने आपले नाव सांगावे.

ऐसा कायदा कोठेही नव्हता. दिनकररावांची उमर कायदे नकलण्यात गेली. घडविला हा पहिलाच.

कोणी नाव सांगितले नाही, परंतु वाटही कोणी सोडली नाही. आबासाहेबांनी रायभानाकडे पाहिले, रायभानाने आबासाहेबांकडे. तो बायकांतून भिवराबाई पुढे आली. ही दोघांची चुलती. दोघांची नाके हिने पदराने पुसली होती. हातात बैलांच्या पूजेचे ताट घेऊन ती पिंजऱ्याशी गेली आणि निरखून पाहू लागली.

"नर का मादी?"

"मादी हाय, मावशी," लिंबाजी म्हणाला.

"मग बरं झालं. इतकी वर्सं बैलाचा मान, बैलाचा मान. एकदा बाईमाणसाला जाऊ द्या की पुढं." आणि तिने गजांवर कुंकू लाविले. मग पुतण्यांकडे वळली. "दादा, तुझा बैल दुसरा. रायभान, तुझाबी दुसरा. येस लय रुंद हाय, जोडीनं घाला. आता कुनी काठी उचलली तर त्याच्या घरी मी पुरणाला बसणार न्हाई."

मुंजाजी आणि दिनकररावांनी जू उचलिले आणि गाडी वेशीत शिरली. पिंजरा उंच, त्याच्या कोपऱ्यास तोरणाची दोरी अडकली, ताणली आणि तुटली, आणि तोरण अंगावर पडताच गुलबदनबाईंनी त्यातली आंब्याची पाने हुंगून पाहिली आणि नापसंत केली. तोरण तुटले म्हणजे पहिल्याचा मान सरला. भांडणास आता बूडच उरले नाही. मग हलगी कडाडली आणि दोन बैल अंगास अंग घासत आत आले.

परंतु गाडी चौकात रुतली आणि सूर्य बाभळींखाली गेला. दिनकरराव गुडघ्यावर आले. ते पाहून आबासाहेब आपल्या पोरांस म्हणाले की मानाची स्वारी आहे, थोरली पाती पोचवील. ते ऐकताच रायभान म्हणाले, धाकटी काय मेली आहे? मग गाडीच्या उजव्या अंगास थोरली, डाव्या अंगास धाकटी ऐसे दोर बांधिले गेले आणि ज्या काठ्या एकमेकांसाठी आणिल्या होत्या त्या चाकांखाली गेल्या आणि गाडी चिखलातून ऐसी निघाली जैसा कमानीतून तीर. दिनकररावांस जू सोडून मागे धावावे लागले. धावता धावता टोपी पडली. ती उचलण्यास ते थांबले नाहीत.

रमण्याच्या फाटकाशी मेहमान खुर्चीवरून उठले होते आणि बंदूक खांद्यास लाविली होती. समोरून कोलाहल करीत आणि हलगी वाजवीत दोन पाती आल्या, त्यांत अस्वलीण कोणती हे नेम धरणारास कळेना. फाटक आधीच उघडे होते. गाडी आत गेली, लिंबाजीने फाटक लाविले, आणि मग सूर्य माळापलीकडे उतरला. पिंजऱ्याचे दार उघडिले. गुलबदन खाली उतरली, ओल्या गवतात चार पावले चालली, एक वारूळ पाहिले आणि त्यात तोंड घालून कामास लागली. कोण्या फत्तेची तिने दखल घेतली नाही. दिनकरराव कुंपणास धरून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरले. ते चिखलाच्या हातांनी पुसण्यास गेले, सबब चेहऱ्याचे वर्णन लिहीत नाही.

दुसरे दिवशी तालुकदार साहेबांनी जाब विचारिला की गाडीस बैल का न जोडिले आणि पेशकाराने स्वतः जू धरून सरकारची इभ्रत चिखलात का घातली. दिनकररावांनी अर्ज केला की, हुजूर, नोकरांस सालात रजा बहुत, बैलांस एकच. ती नामंजूर करण्याचा अखत्यार ताबेदार फिदवीस नाही. साहेबांनी बराच वेळ पानदान उघडले आणि मिटले, आणि मग बोलिले की पुढल्या वेळी तारीख बैलांस विचारून ठेवावी.

दुसरे साली श्रावणात आबासाहेब आणि रायभान एकाच गाडीत बसून कचेरीत आले. पोळ्यास पहिला मान पुन्हा अडला होता. एका दिवसासाठी अस्वलीण मिळावी, ही दोन्ही पातींची अर्जी. दिनकररावांनी फर्माविले की बाईसाहेब सरकारी चाकरीतून निवृत्त जाल्या, त्यांस तकलीफ देऊ नये, भिवराबाईंस विचारावे. पाटील परतले. परतताना गाडीत पुढे कोणी बसावे यावरून फाटकाशी थोडा खोळंबा जाला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. आपल्या पक्षाचे नुकसान: रुमी टोपी एक, जोडे, आणि दिनकररावांच्या खांद्याची सालपटे. मेहमानांच्या पक्षाचे नुकसान: एक संध्याकाळ. गुलबदन अस्वलीण रमण्यात सुखरूप दाखल.