पाटणकरांच्या मराठीतले जर्मन

जर्मन माणूस दुःखात असला की काय खातो, असं मला कोणी विचारलं तर मी बेधडक सांगेन: मुगाची खिचडी, वर साजूक तूप. आमच्या पाटणकर भाऊजींनीच सांगितलंय मला. तेही टीव्हीसमोर एक हात वर करून, पडद्यावरच्या उंच, गोऱ्या, रडवेल्या बाईच्या तोंडी घालून!

मी तेव्हा मुलाकडे न्यूयॉर्कजवळ एडिसनला होते, दोन हजार तीनच्या थंडीत. मुलगा-सून सकाळी गाडी काढून जायची ती दिवेलागणीला उगवायची. बिल्डिंगमध्ये माझ्यासारख्या आणखी दोघी होत्या, नागपूरच्या कमलताई आणि ठाण्याची सुलभा. तिसऱ्या मजल्यावर दिगंबर पाटणकर, वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, एकटेच. तरुणपणी चार वर्षं जर्मनीच्या एका कारखान्यात काढली, आणि तेवढ्यावर हा माणूस जन्मभर जर्मन होऊन बसला. तीन म्हणजे तीन. तीन वाजून दोन मिनिटांनी बेल वाजवली की दार उघडून म्हणायचे, "या, या, पुढच्या मंगळवारसाठी आलात वाटतं."

तर मंगळवार. त्यांच्या भाच्यानं जर्मनीहून एका मालिकेच्या चकत्या पाठवल्या होत्या आणि त्या लावायचं खास मशीनही. आठ भाग. एका गावात जत्रेच्या दिवशी मोठ्या सभागृहाचं छप्पर कोसळतं. हे सगळं पहिल्या दहा मिनिटांतच! मग पुढे जे वाचले त्यांचं काय झालं, त्याची गोष्ट. योहान नावाचा मास्तर वाचतो, पण घरी येऊन बोलेनासाच होतो. त्याची बायको कात्या.

आम्हा तिघींना जर्मनचं ओ की ठो कळत नव्हतं. भाऊजी शेजारी उभे राहून वाक्यावाक्याचं मराठी करायचे. आणि काय करायचे म्हणून सांगू! कात्या नवऱ्याला 'अहो' म्हणायची. डॉक्टर आला की "बसा, चहा टाकते" म्हणायची. पडद्यावरचं वाक्य लांबलं की भाऊजी हात वर करायचे, "थांबा, क्रियापद येऊ द्या!"

"आपलंही शेवटीच येते न हो," कमलताई म्हणायच्या.

"आपलं येतं, बाई. त्यांचं पोचतं."

बाई गं, आम्ही नुसत्या वेड्या झालो होतो! सोमवारपासूनच जीव थाऱ्यावर नसायचा. डाळीत मीठ दोनदा पडायचं. कमलताईंना योहानचा भारी राग. "दोन ठेवून द्याले पाहिजे याले, दिवसभर बसून राहते नुस्ता," असं त्या म्हणाल्या की सुलभा मान वळवून अशी बघायची की कमलताई चिवडा चावायचं थांबवायच्या.

कारण आम्हाला माहीत होतं. सुलभाचा निखिल दोन वर्षांपूर्वीच्या त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या, विमान आदळलं त्याच इमारतीत होता. साठएक मजले जिन्यानं उतरून आला. अंगावर ओरखडा नाही. घरी पेढे वाटले. पेढे संपले आणि निखिल गप्प झाला. नोकरी सोडली, ट्रेन सोडली, घरातसुद्धा पायातले बूट काढेना. आई काही विचारायला गेली की "आय ॲम फाइन" म्हणायचा, आणि खोलीत.

सुलभा मालिका बघायला येतच नव्हती, ती निकाल बघायला यायची. योहान बरा झाला तर निखिल होणार, एवढंच तिच्या डोक्यात. "मालतीताई, आठव्या भागात कळेल ना?" असं मला जिन्यात हात धरून विचारायची.

सहाव्या भागाच्या दिवशी मी वीस मिनिटं लवकर पोचले. भाऊजी आत आलं किसत होते. मी म्हटलं, मागच्या वेळचं थोडं बघावं. रिमोटवर बोट कुठे पडलं देव जाणे, पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं यायला लागली. कात्या बॅग भरून दारात उभी होती. भाऊजींनी आम्हाला सांगितलं होतं, "मी चार दिवस बहिणीकडे जाऊन येते हो. तिच्या हातचे मेथीचे लाडू आणते तुमच्यासाठी."

खाली इंग्रजीत लिहिलं होतं, मला मेलेल्या माणसाबरोबर राहवत नाही. मला शोधू नकोस.

मागे कपबशा वाजल्या. भाऊजी ट्रे घेऊन उभे.

"भाऊजी," मी म्हटलं, "लाडू कुठायत?"

त्यांनी ट्रे ठेवला, टीव्ही बंद केला. "सुलभाबाईंच्या देखत मी ते म्हणू?"

"आणि आठव्या भागात काय आहे?"

"जातो तो. घर सोडून. परत येत नाही."

"मग काय सांगणार तुम्ही?"

"तेच शोधतोय!" ते अगदी रडकुंडीला आले होते. "अहो, कात्या आता पुढे येतच नाही. सातव्यात पोस्टातली एक बाई येते, तिला मी कात्याची मावशी करणार आहे. ती निरोप आणेल, कात्या लाडू वळतेय म्हणून. पण आठव्याला काही सुचत नाही हो मला."

आठवा मंगळवार उजाडला. सुलभा चक्क पैठणी नेसून आली! कमलताईंनी कोथिंबीर भरलेली सांबारवडी केली होती. भाग सुरू झाला आणि भाऊजी असे रंगले, असे रंगले, की मीही क्षणभर विसरले. योहान हसला म्हणाले, भूक लागली म्हणाला म्हणाले.

मग शेवट आला. योहाननं कोट घातला, दार उघडलं आणि बर्फातून चालायला लागला. नुसती पाठ दिसत होती. पडद्यावर कोणी बोलेचना! भाऊजींचा हात वर, तोंड उघडं, पण मराठी करायचं कशाचं? पाठ लहान लहान होत गेली. पाट्या आल्या, नावं सरकली.

"गेला ना तो?" सुलभानं विचारलं.

भाऊजींनी हात खाली घेतला.

"तुम्ही मनचं सांगताय हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिसऱ्या भागापासून. अहो, पडद्यावर बशा फोडता फोडता कोणी 'खिचडी टाकू का' विचारतं का?"

"मग येत कशाला होतीस गं?" मी म्हटलं.

"भाऊजी सांगायचे ना, ते मी घरी जाऊन निखिलला म्हणायचे. कात्या म्हणाली होती, काही बोलू नका, नुसते जवळ बसा, मी मटार सोलते. मी मटार आणले. तो बसला. परवा त्यानं चार शेंगा सोलल्या, मालतीताई. चार!" मग ती भाऊजींकडे वळली. "भाग संपले. आता पुढचं मला कोण सांगणार?"

भाऊजी खुर्चीत टेकले. म्हणाले, "ते कात्याचं नव्हतं. आमच्या कारखान्यात स्फोट झाला होता. माझ्या पाळीतले सात जण गेले. मी पाणी प्यायला बाहेर आलो होतो, म्हणून राहिलो. बायको साताऱ्याला. तिला कळवलंच नाही. ती जवळ असती तर काय काय म्हणाली असती, ते खोलीवर बसून मीच मनात म्हणायचो. तेच तुम्हाला सांगत आलो."

"नंतर तरी सांगितलं न वहिनींले?" कमलताई हळूच म्हणाल्या.

"नाही. रोज उद्या सांगू म्हणत पस्तीस वर्षं गेली. मग तीच गेली."

सुलभा उठली, पदर खोचला. "उद्या तीन वाजता निखिलला घेऊन येते."

"अहो, पण मालिका तर संपली."

"संपू दे."

दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला दोघं आली. आम्ही बायका लगबगीनं स्वयंपाकघरात शिरलो आणि दाराआड उभ्या राहिलो. चहाचं आधण उतू जाईल म्हणून मी गॅस बंद केला, पण आवाज नको म्हणून भांडं हलवलं नाही.

मग बाहेरून निखिलचा आवाज आला. "काका, आई म्हणाली सात जण होते. नावं आठवतात तुम्हाला?"

भाऊजींनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. सावकाश, जशीच्या तशी. चौथं नाव अर्ध्यावरच राहिलं.

"टेक युअर टाइम, काका," निखिल म्हणाला. "मला पण माझी सांगायचीत."