मन्मथआप्पा आणि शनिवारचा प्रिंटर

मन्मथआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात. "या, बसा" म्हणणाऱ्याकडे त्यांचं लक्षच नसतं. मान वर करून, डोळे बारीक करून ते कोपरा न् कोपरा न्याहाळतात आणि मग विचारतात, "स्लॅब कधीचा?" उत्तर काहीही दिलं तरी आत येत नाहीत. उंबऱ्याशी, बरोबर चौकटीखाली बस्तान मांडतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको पोह्यांची ताटली घेऊन उभी होती आणि हे तिला विचारत होते, "वहिनी, बीम किती इंची टाकलाय?"

तिनं मला आत बोलावून विचारलं, "हे कॉन्ट्रॅक्टर आहेत का?"

नाहीत. आप्पा टेलिफोन खात्यातले निवृत्त लाईनमन. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ते औशाला नोकरीवर होते. पडलेल्या गावांत तारा ओढायला गेले, महिनाभर तिकडंच राहिले, आणि परत आले ते छताखाली न बसणारे आप्पा होऊनच. त्या महिन्याबद्दल ते बोलत नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

गंमत अशी, की त्यांचं स्वतःचं घर तीन मजली आहे. एके काळी ज्या लातुरात लोक घरात पाऊल टाकायला भीत होते, तिथं आता बाहेरगावच्या मुलांना क्लाससाठी राहायला खोली मिळत नाही. आप्पांनीही मजल्यावर मजला चढवला, खोल्या भाड्यानं दिल्या, आणि स्वतः अंगणात पत्र्याची शेड टाकून तीत राहू लागले. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "आप्पा, वर तीस मुलं झोपतात. त्यांची भीती नाही वाटत?"

"वाटती की," आप्पा म्हणाले. "म्हणून तर मी खाली हाय. हललं तर हाका मारायला कुणीतरी बाहेर पाहिजे का न्हाई?"

माझी चेष्टा तिथंच वाळली.

मी एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. दर रविवारच्या टेस्टचा पेपर मी काढायचा आणि घरीच छापायचा, असा नियम आहे. पूर्वी पेपर झेरॉक्सच्या दुकानात जायचे, आणि एकदा एक पेपर टेस्टच्या आधीच मुलांच्या हातात पोचला. तेव्हापासून माझ्या आतल्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी क्लासचा एक प्रिंटर येऊन बसला. प्रिंटर चांगला होता, फक्त त्याला झोप फार. पाच मिनिटं काम नसलं की झोपायचा. झोपेना का, पण उठायचा नाही. मी कॉम्प्युटरवरून हुकूम सोडायचो, पडद्यावर उत्तर यायचं, प्रिंटर ऑफलाईन. बटण दाबलं, झाकण उघडलं, कागद काढून परत घातले, शेवटी दोन चापटीही मारल्या. एका शनिवारी दुपारी तो जो झोपला तो झोपलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे मुलांची टेस्ट. बायको गेटपाशी उभी राहून कुणाशी तरी ही कर्मकथा बोलत होती, तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "काय करून राहिलाव सर? मशीन झोपली म्हणं?"

मी म्हणालो, "या आप्पा, आत आहे."

"आत न्हाई. तिलाच हिकडं आणा."

आता आप्पा छताखाली येणार नाहीत, म्हणून मी आणि बायकोनं मिळून प्रिंटर उचलून दारात आणला. उंबऱ्याच्या आत स्टूल, स्टुलावर प्रिंटर, त्याची वायर दारालगतच्या बोर्डात, उंबऱ्याच्या बाहेर आप्पा. त्यांनी हात पुढे केला आणि एकदम मागे घेतला.

"सर, ह्यात उद्याचा पेपर हाय का?"

"आहे."

"माझी श्रद्धा बसती त्या टेस्टला."

श्रद्धा त्यांची नात. शिरूर अनंतपाळला तिचे आईवडील शेती करतात, आणि ती दोन वर्षांसाठी आजोबांकडे क्लासला आलेली. माझ्याच बॅचमध्ये होती. ही गोष्ट माझ्या ध्यानात होती. खरं सांगायचं तर प्रिंटर बाहेर आणताना मी कॉम्प्युटरचा पडदा हळूच बंद करून आलो होतो. आप्पांनी ते बघितलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी घातली आणि डोळ्यांवर करकचून बांधला.

"आता बोला. बत्ती कोणत्या रंगाची?"

"हिरवी."

"थांबलेली का लुकलुकती?"

"थांबलेली."

"मग मेली न्हाई. वायर काढा."

मी वायर काढली. आप्पांनी चाचपडत बटण शोधलं, त्यावर अंगठा दाबून धरला आणि मोजायला लागले, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..."

"कन्नडमध्ये का मोजताय?"

"गप बसा हो सर. मराठीत मोजलं की लोक मधी बोलत्यात आन् आकडा चुकतो. निलंग्याला अर्धी नोकरी असंच मोजत काढली. ऐदु, आरु..."

साठ झाल्यावर त्यांनी वायर परत लावायला सांगितली. प्रिंटरनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला, आणि मी आतून हुकूम सोडला तर पहिल्या फटक्यात कागद बाहेर!

"बघा," आप्पा पंच्याआडून म्हणाले, "आतल्या खोलीत जीव गुदमरत हुता तिचा."

मी त्यांना समजावलं, की वायफायचा डबा हॉलमध्ये आहे, मध्ये लोखंडी कपाट आहे, त्यामुळं आत सिग्नल पोचत नसणार.

"तेच म्हणलो की मी."

पेपर छापून होईस्तोवर दीड तास लागला. प्रिंटर परत झोपला तर उठवायला कुणीतरी हवं म्हणून आप्पा पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसले. पंचा सोडला नाही. मी दोनदा म्हणालो, "आप्पा, तिकडं तोंड केलंय ना, मग सोडा की." तर म्हणाले, "वाऱ्यानं एखादा कागद उडून पुढ्यात आला म्हंजे?" येणारेजाणारे थांबत होते.

"काय आप्पा, डोळे आले का?"

"न्हाई. पेपर चालू हाय."

"तुमचा?"

"हाव, माझाच."

गल्लीभर हसू झालं. मीही हसलो. तेव्हापासून प्रिंटर दारातच राहिला आणि दर शनिवारी साडेतीनला आप्पांची फेरी सुरू झाली. प्रिंटर मात्र दारात आल्यापासून रुसलाच नाही. आप्पा तरी यायचे, पंचा बांधून पायरीवर बसायचे, चहा चाचपडत प्यायचे.

पुढचं लिहायचं मी बरेच दिवस टाळलं.

दिवाळीनंतरच्या एका टेस्टमध्ये श्रद्धा क्लासात दुसरी आली. एरवी ती तिसाव्या-चाळिसाव्या नंबरात असायची. सोमवारी क्लासच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सर, पेपर छापताना घरी कोण आलं होतं?"

मी म्हणालो, "शेजारचे मन्मथआप्पा. प्रिंटर बघायला."

"म्हणजे तिचे आजोबा?"

"हो."

आणि मी थांबलो. पंच्याचं सांगितलं नाही. डोळे बांधून एक म्हातारा माझ्या दारात दीड तास बसतो, हे सांगायची मला लाज वाटली. मालक हसतील, इतर सर हसतील, रसायनशास्त्राचे सर कुठल्या सर्कशीत राहतात म्हणतील, एवढीच भीती. अख्ख्या गल्लीनं बघितलं होतं, पंचवीस साक्षीदार उभे केले असते. पण मी तेवढंच खरं बोललो जेवढं माझ्या सोयीचं होतं.

श्रद्धाला मालकांच्या केबिनमध्ये एकटीला बसवून नवा पेपर दिला. दार उघडं होतं. येणारी-जाणारी मुलं आत डोकावत होती. मी वर्गात शिकवत होतो आणि फळ्यावर तिसऱ्यांदा तेच समीकरण लिहीत होतो.

तिला आधीपेक्षा चार मार्क जास्त पडले. मालकांनी तिला शाबासकी दिली. माफी कुणीच मागितली नाही. मीही नाही.

शनिवारी आप्पा येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. साडेतीनला आले. पायरीवर बसले, पंचा काढला, घडी घालू लागले.

"पोरगी चार मार्क जास्ती पाडून आली सर. बसवा की अजून एकदा. पहिली येईल."

मला राहवलं नाही. म्हणालो, "आप्पा, तुमचं नाव मीच सांगितलं."

"मग कुणाचं सांगणार? आल्तो तर मीच."

"पण डोळे बांधले होते हे नाही सांगितलं."

आप्पांनी पंच्याची घडी मोडली, परत घातली. "सांगितलं असतं तर तुम्हाला येड्यात काढलं असतं. आपल्या इमानाची लोकांला लई गंमत वाटती." मग म्हणाले, "माझं सोडा. पोरीला मात्र एकदा सांगा. ती सोमवारपास्नं जेवली न्हाई नीट."

उद्या सांगू, परवा सांगू करत मी सहा महिने काढले. शेवटी तिची मेडिकलची मोठी परीक्षा झाली त्या संध्याकाळी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "सर, मला तेव्हाच कळलं होतं. आप्पा म्हणाले, सरांना आपणहून बोलू दे, तू विचारून लाजवू नको." माझ्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलीनं मला सहा महिने सांभाळून घेतलं होतं.

श्रद्धाचा नांदेडच्या मेडिकल कॉलेजला नंबर लागला. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले, तेही प्रत्येकाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून. तिला एसटीत बसवून आले. नांदेडच्या होस्टेलचा स्लॅब त्यांनी स्वतः जाऊन तपासला होता, हे नंतर कळलं. वॉचमननं त्यांना चोर समजून बसवून ठेवलं होतं म्हणे.

आता पेपर त्यांनी बघितला तरी कुणाचं काही जाणार नव्हतं. पंचा खांद्यावरच राहू लागला. आणि वर्षभर शहाण्यासारखा वागणारा प्रिंटर पुन्हा झोपायला लागला, दर शनिवारी न चुकता. आप्पा यायचे, उठवायचे. कामं झाल्यावरही बसायचे.

"श्रद्धाचा फोन काय म्हणतो?"

"ह्या आठवड्यात न्हाई आला. कामात असल. त्यांला मुडदे फाडायचे असतेत म्हणं." मग प्रिंटरच्या अंगावर हात फिरवून, "हिला पुढच्या शनिवारी बघावं लागणार परत."

शेवटी माझ्या तक्रारीला कंटाळून क्लासनं एक मेकॅनिक पाठवला. त्यानं प्रिंटरची दोन-चार बटणं दाबून यादी उघडली आणि हसला. "सर, बिघाड काही नाही. झोपायची वेळ एका मिनिटावर लावलीय, आणि झोपला की वायफाय बंद. आपोआप होत नाही हे. कुणीतरी हातानं लावलंय." त्यानं सगळं नीट करून दिलं आणि सहज विचारलं, "कोण कोण हात लावतं याला?"

या प्रिंटरला दोनच माणसं हात लावतात. बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती.

"मीच," मी म्हणालो. "माझाच हात लागला असेल."

मेकॅनिक गेला. त्यानं यादी कशी उघडली ते मी नीट बघून ठेवलं होतं. ती उघडली, वेळ परत एका मिनिटावर आणली, झोपेतलं वायफायही बंद केलं. बायकोनं आत जाऊन चहाचं आधण वाढवलं. तो शनिवार होता.

साडेतीनला आप्पा आले, पण पायरी चढले नाहीत. गेटपाशीच थांबले. मेकॅनिकची गाडी त्यांनी जाताना बघितली असणार.

"सर, नवीन मशीन घेताव काय?"

"नाही आप्पा. हीच ठेवणार."

"नीट झाली आसंल मग आता."

"कुठली नीट? झोपलीय बघा."

आप्पांनी गेटची कडी काढली.