बेलावरील अकरा अळ्यांची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वर चरणी मस्तक ठेवोन, आणि ज्यांच्या अंगणी हे घडले त्यांची क्षमा मागोन, हे वर्तमान यथास्थित उतरले असे. मोठमोठ्या स्वाऱ्या लिहिणारे बहुत जाहले. परंतु सोलापूर शहरी, अक्कलकोट रस्त्याच्या वसाहतीत, एका बेलाच्या झाडावर श्रावणमासी चोवीस दिवस जी मोहीम चालली ती कोणी लिहिली नाही, आणि न लिहावी तर महादेवापुढे उणे पडेल, सबब लिहिली.

वसाहतीत राजमान्य राजश्री यज्ञेश्वरपंत राहतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क पदावरोन निवृत्त; हल्ली घरचे कागदपत्र, टीव्हीचा रिमोट आणि आपली मच्छरदाणी यांचे कुलमुखत्यार. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती अनसूयाबाई, वाणीने मृदू आणि नेमाने कठीण. बाईंचा चाळीस वर्षांचा नेम ऐसा की श्रावणात महादेवास रोज एकशे आठ बेल वाहावे, तिन्ही दळे अखंड असावी, भोक नसावे, चीर नसावी. त्यातही चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या आणि दर सोमवार, या दिवशी झाडाचे पान तोडू नये. आधीच तोडोन ठेवावे आणि धुवोन वाहावे. बेलास शिळेपण नाही, हे शास्त्र बाईंस पाठ.

श्रावण शुद्ध षष्ठी, गुरुवार, प्रातःकाळी बाई परातीत बेल धुवू लागल्या, तों काही पानांवर पाखरांची शीट दृष्टीस पडली. साळुंक्यांचा हळूच उद्धार करोन बाईंनी ती बोटाने चोळली, निघेना. पाण्याखाली धरली, निघेना. मग ती शीट आपण होऊन देठाकडे चालू लागली. बाईंनी चष्मा लाविला आणि मोबाईलात तपास केला, तों कळले की ही लिंबाच्या फुलपाखराची अळी, लहानपणी शिटेचे सोंग घेते आणि लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर गुजराण करते. झाड धुंडाळिले, पाने कुरतडलेली दिसली, आणि मोजता अळ्या बरोबर अकरा भरल्या. अकरा म्हणजे रुद्र. बाईंनी तेथेच हात जोडिले.

हे वर्तमान पंतांस कळताच त्यांनी फर्मान काढिले, की शेजारचे गुरुबसप्पा यांस पाचारण करावे आणि झाडावर औषध मारावे. हे गुरुबसप्पा मूळचे दुधनीचे, हयात यंत्रमागांच्या दुरुस्तीत, जॉबरकीत गेलेली, गळ्यात लिंग, घरी गावच्या शेतातला फवारणीचा पंप. बाईंनी अर्ज केला की औषध मारिलेले पान देवास कैसे वाहावे? त्यावर पंत म्हणाले,

"अगं, नीलकंठ आहेत ते. हलाहल पचवलं, त्यांना दोन थेंब औषधाचं काय?"

"देव पचवतील हो," बाई म्हणाल्या, "या लेकरांचं काय?"

मग बहुत मसलत होऊन तह ठरला, तो पंतांनी फुलस्केप कागदावर लिहिला. कलमे ऐसी: अळ्यांचा सांभाळ बाईंनी आपल्या जबाबदारीवर करावा, त्याकामी घरातील उपलब्ध साधनसामग्री वापरण्यास हरकत नाही, पोळ्याचे दिवशी सूर्य डोईवर येईतो एक तरी फुलपाखरू निघालेले पंतांनी दस्तुरखुद्द पाहावे, न निघाल्यास गुरुबसप्पांनी पंप चालवावा. पंप चालला तर अकरा रुद्र तर जाणारच, आणि त्या झाडाचा बेल देवाजवळून कायमचा उठणार, हे बाईंनी जाणोन सही केली.

मग बाईंनी अकरा जणांस फुलाच्या परडीत उतरविले, वरोन जुन्या साडीचा तुकडा बांधिला आणि देवघराशेजारी मुक्काम दिला. पुढे शनिवारी अष्टमी, रविवारी नवमी, आणि लगोलग सोमवार, ऐसे तीन दिवस तोडणे बंद; म्हणोन शुक्रवारीच देवाची आणि अळ्यांची रसद एकदम भरोन ठेविली. येथेच मोठी चूक जाहली, आणि ती बाईंसारख्या नेमनिष्ठाखेरीज कोणाच्या हातोन होणारी नव्हती. रोज सकाळी देवाचा बेल धुवावा तैसाच परडीतला बेल धुवावा, हळदीकुंकवाचे बोट पुसोन परत मांडावा. पान कडक होऊन कागदासारखे वाजू लागले, तरी बाईंस शंका नाही. महादेव त्या पानाने तृप्त, परंतु अळी त्यास तोंड लावीना. रविवारी दिवेलागणीस तीन शिपाई परडीच्या तळाशी वाळोन पडले.

सोमवारी बाई उपाशीपोटी परडीपाशी बसल्या. उरलेल्या आठ काठाकाठाने फिरत होत्या आणि पुन्हा जिथली तिथे येत होत्या. तेव्हा बाईंच्या ध्यानी आले, की आपण उपास धरितो तो आपल्या खुशीने, आणि यांचा उपासही आपणच धरिला. मग उठोन झाडापाशी गेल्या, कोवळ्या पानास हात घातला, आणि चाळीस वर्षांच्या नेमाने तो हात मागे ओढिला. पुन्हा घातला, पुन्हा ओढिला. डोळ्यांस पाणी आले.

तों कुंपणावरोन गुरुबसप्पांनी हे पाहिले.

"अक्का, काय झालं? कोण गेलं?"

"तिघं गेली," बाई म्हणाल्या.

गुरुबसप्पांनी टोपी काढिली. खुलासा होताच परत घातली.

"आज आठही जातील," बाई म्हणाल्या. "सोमवार आहे. पान तोडता येत नाही."

"तोडायला मनाई हाय, खायला हाय का? सोडा की झाडावर. शेळीला कोण ताटात पाला वाढतंय?"

"झाडावर बुलबुल टपलेत, गुरुबसप्पा. साळुंक्या आहेत."

"मग घाला की वरून कायतरी. मला काय विचारता? मी तर पंपवाला!"

प्रतिपक्षाच्या सेनापतीने ऐसी मसलत द्यावी, हे औदार्य कागदी राहावे म्हणोन नमूद केले. बाई तडक घरात गेल्या, आणि पंतांच्या पलंगावरील मच्छरदाणी चारी दोऱ्या सोडोन बाहेर आणिली. पंत पाठोपाठ धावले.

"अगं, माझी मच्छरदाणी! डास मला फोडून काढतील!"

"अहो, उपलब्ध साधनसामग्री," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याच अक्षरात आहे."

मच्छरदाणी दक्षिणेकडील फांदीवर शामियान्यासारखी चढली, आठ जण आत सोडिले, आणि बाई पाहात असता एकाने पानाची कड धरोन खाण्यास आरंभ केला. तेव्हा बाईंनी स्वतः पाणी घेतले. उत्तरेकडील फांद्या महादेवाकडे, दक्षिणेकडील रुद्रगणांकडे, ऐसी वाटणी होऊन रोजचे एकशे आठ बिनतक्रार भरू लागले.

पुढे सैन्याने शिटेचे सोंग टाकोन हिरवा पोशाख केला आणि एकेक करंगळीएवढा जाहला. पंत डासांनी फोडलेले हात खाजवीत पाहणीस आले आणि पेन्सिलीने एकास डिवचले, तों त्याने मानेतून लाल दुशाखी शिंग काढिले आणि ऐसा आंबूस दर्प सोडिला की पंत दोन पावले मागे सरोन तुळशीच्या कट्ट्यावर बसले. त्या दिवसापासोन मात्र पंत रोज दोन वेळा येऊ लागले, भिंग घेऊन, बाईंचे लक्ष नाही ऐसे पाहोन. वद्य षष्ठीपावेतो आठही जणांनी काड्यांस पाठ टेकोन, कमरेस रेशमी करगोटा बांधोन समाधी घेतली. त्यातील एका कोषास पुढे बारीक भोक पडले आणि आतून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीचे चिलट निघाले. मच्छरदाणीस पंतांच्या उदबत्तीने पडलेले भोक होते, तेथोनच शत्रू शिरला असेल, ऐसा बाईंचा कयास. पंतांनी आपण होऊन ते भोक सुईदोरा घेऊन शिविले.

पोळ्याचा दिवस उगवला. मातीचे बैल पुजोन जाहले, पुरणाचा वास अंगणात आला, आणि अकराच्या सुमारास गुरुबसप्पा पाठीस भरलेला पंप लावोन हजर जाहले. सात कोष, सातही बंद. एक तेवढा काळवंडलेला, आत पिवळे ठिपके दिसत होते. बाई जपमाळ घेऊन मच्छरदाणीपाशी उभ्या राहिल्या, आणि माळेचा मणी पुढे सरकेना. घड्याळात बारा जाहले.

"साहेब, बारा वाजले की," गुरुबसप्पा म्हणाले.

पंतांनी खिशातून तहनामा काढिला, दोनदा वाचिला, आणि निवाडा दिला की यात सूर्य लिहिला आहे, घड्याळ लिहिलेले नाही, आपल्या सोलापुरास सूर्य साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो, सावली अजून पुरती आखडलेली नाही, सबब थांबावे. बाईंनी वळोन पंतांकडे पाहिले. पंतांनी आकाशाकडे पाहिले.

बारा वाजोन वीस मिनिटांनी कोष डोक्याकडे तडकला. आतून ओल्या चिंधीसारखे काही बाहेर आले, काडीवर चढले, लोंबकळले, आणि हळूहळू काळेपिवळे पंख पसरू लागले, मागील पंखावर कुंकवाएवढा लाल ठिपका. "निघालं, अनसूया, निघालं!" ऐसे पंत ओरडले. चाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनी बाईंस नावाने हाक मारिल्याची नोंद नाही.

मग पंतांनी हुकूम केला की तह बाईंच्या बाजूने निकाली निघाला, गुरुबसप्पांनी औषध घेऊन माघारी जावे आणि कोठे सांडू नये.

"कुठलं औषध?" गुरुबसप्पांनी पंप खाली ठेविला. "पाणी हाय की! काल नळाला आलेलं, पाच दिवसांनी. श्रावणात बेलावर विष मारू म्हणता? गळ्यात लिंग घातलंय साहेब, धोंडा न्हाय!"

"अहो, मग चोवीस दिवस बोलला का नाहीत?" बाईंनी विचारिले.

"साहेबानी कागद केलता. म्हटलं, कागदाचा मान ठेवावा."

बाई हसता हसता कट्ट्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. गुरुबसप्पांनी पंपातील सोळा लिटर पाणी बेलाच्या मुळाशी ओतिले, आणि तिघे पुरणपोळीच्या पंगतीस बसले.

येणेप्रमाणे मोहीम समाप्त. अकरांपैकी तीन उपासाने कामी आले, त्याचे प्रायश्चित्त बाईंनी घेतले. एक चिलटाने मारिला. सात भाद्रपद शुद्ध तृतीयेपावेतो उडोन गेले. महादेवाचा नेम एक दिवस खंडला नाही, आणि झाडास विषाचा थेंब लागला नाही. यास फत्ते म्हणावे, ऐसे ठरोन हकीकत पुरी केली असे.