फोटोत नसलेल्या जावयाचे शर्ट

नानांनी आपण होऊन एखादं काम अंगावर घेतलं की घरात काहीतरी फुटतं, हा माईंचा जुना अनुभव. एकदा नळाचा वॉशर बदलायला बसले, तर खालच्या मजल्यावरच्यांचं छत गळायला लागलं. त्यामुळे "बेबीच्या फोटोंची वर्णनं आजपासून मी लिहिणार!" असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा माई आधी "बरं" म्हणाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "दुसरं कोणी नाही का हो मिळणार?"

दुसरं कोण मिळणार? घरात माणसं दोन. त्यातल्या माईंची नजर काचबिंदूने नेलेली. एके काळी शिवणक्लास चालवणारी ही बाई. गप्पा मारता मारता सुईत दोरा ओवायची. आता उजेड आणि अंधार, एवढंच काय ते कळायचं. पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. अंधांच्या केंद्रातल्या शिक्षिका घरी येऊन त्यांना कॉम्प्युटर शिकवून गेल्या. (या शिक्षिका स्वतः जन्मापासून अंध. सगळे त्यांना मॅडम म्हणत.) पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते कॉम्प्युटर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि माई बसल्या जागी जगभरच्या बातम्या ऐकायच्या.

गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. बेबी, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली. ती आपले फोटो एका वेबसाइटवर टाकायची. माई तिथे गेल्या की कॉम्प्युटर म्हणायचा, "चित्र. चित्र. चित्र." पोटची पोर समोर उभी आणि ऐकू काय येतंय, तर "चित्र"! मग माई कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर घ्यायच्या आणि नुसत्या बसून राहायच्या. नानांना ते बघवायचं नाही.

मॅडमनी तोड सांगितली. प्रत्येक फोटोखाली वर्णन लिहायला जागा असते, तिथे डोळस माणसाने लिहायचं, म्हणजे यंत्र ते वाचतं; एरवी पडद्यावर ते कोणाला दिसत नाही. एवढं सोपं. आणि वर्णन लिहायला नानांइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत, नुकसानीची पाहणी करण्यात गेलेली. ठोकलेल्या मोटारी, जळलेली दुकानं, भिजलेली गोदामं बघायची आणि लिहायची. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पहिलं वर्णन लिहिलं.

'एक स्त्री, वय सुमारे तीस. एक खुर्ची. खुर्चीचा पुढचा डावा पाय सैल. स्त्री सुस्थितीत.'

"अहो!" माई ओरडल्या. "ती माझी लेक आहे, धडकलेली मोटार नव्हे!"

"म्हणून तर सुस्थितीत लिहिलंय ना!"

हळूहळू हात सुधारला. 'बेबी हसते आहे' असं साधं सरळ वाक्य नानांना जमायला लागलं. पण ऑफिसची खोड अशी जाते थोडीच? वेबसाइटवर वर्णनासाठी दोन चौकटी होत्या. वरची लहान, खालची मोठी. नानांच्या ऑफिसातही असंच असायचं. वरचा भाग ग्राहकाला द्यायचा आणि खालचा ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. खालच्या भागात खरं लिहायचं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नाही. तेव्हा इथेही तसंच असणार, हे नानांनी ठरवून टाकलं. (विचारायचं कोणाला? आणि कशाला? एवढा अनुभव काय वाया गेला होता?)

मग एका फोटोत जावईबापू नव्हते. नाना म्हणाले, गेला असेल कामाला. पुढच्या फोटोतही नव्हते. त्याच्या पुढच्या फोटोत बेबी एका बाजूला सरकून उभी आणि तिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी रिकामी जागा. नानांनी फोटो मोठा करून पाहिला. पोरीचे गाल बसले होते.

फोनवर विचारावं, तर नेहमीचंच चालायचं. "बरी आहेस ना ग?" "बरी आहे बाबा. तुम्ही?" "आम्ही मजेत." जावई कुठायत, तर बाहेर गेलेत. की ठेवला फोन. आणि माईंना सांगावं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं, कसलाही ताण नको, आहे तेवढा उजेडही जाईल. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वरच्या चौकटीत लिहून टाकलं, 'बेबी आणि जावई गॅलरीत. दोघेही हसत आहेत.'

एका थापेवर भागेल असं त्यांना वाटलं होतं.

"जावयांनी काय घातलंय हो?" माईंनी विचारलं.

"शर्ट."

"ते कळलं. रंग कसला?"

"निळा."

"कॉलर?"

शिवणवाल्या बाईशी गाठ! नानांनी जन्मात कोणाची कॉलर पाहिली नव्हती. "आहे," ते म्हणाले. "कॉलर आहे."

त्या दिवसापासून नानांच्या मागे शर्टांचं लचांड लागलं. पुढच्या फोटोत पट्ट्यांचा, त्याच्या पुढच्यात चौकड्यांचा. रस्त्यात कोणाचा शर्ट बरा दिसला की नाना त्याच्या मागे मागे चालायचे. एकदा एक धिप्पाड गृहस्थ गर्रकन वळून म्हणाला, "काय पाहिजे?" नाना चाचरत म्हणाले, "कॉलर." त्याने नानांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालू लागला.

"पिवळा?" माई म्हणाल्या. "तो माणूस पिवळा शर्ट घालेल?"

"हल्ली घालतो."

"आणि केस कसे दिसतायत?"

"छान! दाट आहेत."

"दाट? लग्नातच कपाळ मागे गेलं होतं की त्यांचं."

"म्हणजे, जिथे आहेत तिथे दाट आहेत," नाना म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

नाना खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणून तर त्यांना खालच्या चौकटीचा मोठा आधार होता. तिथे ते मन मोकळं करायचे. 'जावई उपस्थित नाही. बेबीचे वजन घटलेले. डोळ्यांखाली काळे. हसू ओढून आणलेले. भिंतीला ओल. खोलीला खिडकी दिसत नाही. नुकसान गंभीर.' एवढं लिहिलं की छातीवरचं ओझं जरा हलकं व्हायचं, मग ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. पान मात्र उलटायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, माई तर त्यांच्यासमोरच ऐकत होत्या, मग यांना कळलं कसं नाही? त्याचं असं की, सरावलेल्या कानांना यंत्राचं वाचन संथ चालत नाही. माईंनी त्याचा वेग इतका वाढवला होता की नानांना नुसती चिवचिव ऐकू यायची. सुरुवातीला त्यांनी कान देऊन पाहिलं, मग नाद सोडला.

एका दुपारी मॅडम यंत्र तपासायला आल्या. म्हणाल्या, "नाना, तुमची वर्णनं कशी ऐकू येतात ते ऐकलंत का कधी? थांबा, डोळस माणसाला झेपेल एवढा वेग करते." आणि त्यांनी शेवटचा फोटो लावला.

यंत्र सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणालं, "बेबी आणि जावई घरात. जावयांचा शर्ट फिकट हिरवा. कॉलर आहे." नाना कौतुकाने मान डोलवायला लागले. यंत्र थांबलं नाही. "सविस्तर वर्णन. जावई याही वेळी उपस्थित नाही. बेबी रडून आलेली असावी. माझी पोर एकटी आहे. नुकसान गंभीर."

मॅडमनी यंत्र बंद केलं. "मी नंतर येते," म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या.

नानांची बोबडी वळली. "माई, हे... हे खालचं..."

"पहिल्या दिवसापासून ऐकतेय," माई म्हणाल्या.

"मग ते शर्ट? कॉलर? मला रस्तोरस्ती फिरवलंस की!"

"काय करू मग? तुम्ही एवढ्या हौसेने लपवत होतात. मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही कोसळला असता. आणि तुमचं ते वरचं वाक्य ऐकलं की घटकाभर मलाही वाटायचं हो, की असतील ते शेजारी उभे. असतील हिरवा शर्ट घालून." एवढं बोलून माई रडायला लागल्या. इतके महिने दोघं एकाच घरात, एकमेकांना चुकवून रडत होती.

डोळे पुसून माई म्हणाल्या, "लावा फोन."

बेबीने फोन उचलला. नानांनी घसा खाकरला. "बेबी, जावई कुठायत?"

पलीकडून हुंदका. "ते सोडून गेले, बाबा. केव्हाच गेले."

"अग, मग सांगायचं नाहीस?"

"तोंडाने सांगवत नव्हतं. म्हणून तर फोटो टाकत होते. मुद्दाम शेजारी जागा सोडून उभी राहायचे. म्हटलं, आईला नाही दिसणार, पण बाबांच्या नजरेतून मोटारीवरचा ओरखडा सुटत नाही, ते विचारतील. तुम्हाला दिसलंच नाही का हो?"

"दिसलं होतं ग. पहिल्याच फोटोत."

"मग?"

नाना खाली बघत म्हणाले, "मी... लिहून ठेवलं होतं."

माईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. "बेबी, आम्ही निघतोय. जुनं घर सोडलंस ना तू? नवा पत्ता सांग."

"तुला कसं कळलं, आई?"

"तुझ्या बाबांनीच लिहिलं, भिंतीला ओल आणि खोलीला खिडकी नाही. माझ्या लेकीच्या घरात गॅलरी होती."

नाना आ वासून बघत राहिले. लिहिलं त्यांनीच होतं, पण घर बदललंय हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

गाडीत नाना सगळा वेळ पुटपुटत होते. पोरीला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. 'बाळ, चुकलं माझं. तुझा बाप आहे अजून. चल घरी.' दहादा मोडून दहादा जुळवली.

बेबीच्या दाराशी पोचल्यावर नानांनी बेल दाबली. पुन्हा दाबली. आत काही हालचाल नाही. नाना दाबतायत, थांबतायत, पुन्हा दाबतायत. शेवटी माईंनी त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि काठीने दार बडवलं.

दार उघडलं. बेबी आईच्या गळ्यात पडली. माईंचे हात तिच्या गालांवरून, खांद्यांवरून, कंबरेवरून फिरले. "किती उतरलीस ग," त्या म्हणाल्या. "सगळे कपडे आत घ्यावे लागतील." आणि मग दोघींनाही रडू आवरेना.

नाना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उंबऱ्याबाहेरच उभे होते. बेबीने आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही तरी काही बोला ना."

नानांनी तोंड उघडलं. जुळवलेल्या वाक्यांतलं एक म्हणून आठवेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बेबी वाट बघत होती.

"तुझी बेल बंद आहे ग," नाना म्हणाले.